कापलेला जबाब

४ नोव्हेंबर

सकाळी डबा उघडला. हे गेल्यापासून दोन वर्षं एक महिना आत पाहिलं नव्हतं. धानाच्या कोठीमागे डालड्याचा मोठा डबा, आत यांची जुनी लुंगी, लुंगीत फिल्मची गुंडाळी. झाकण काढताच आंबट वास. बुडाला गंज. गुंडाळी बाहेर काढली, पुन्हा तशीच ठेवली. उलगडायची हिंमत झाली नाही.

कालच्या फोनमुळे हे सगळं. नागपूरहून रेवती नावाची मुलगी बोलली. कॉलेजात शिकवते. जुन्या पिक्चरमधून कोणी काय कापलं यावर प्रबंध लिहिते आहे. म्हणाली, "काकू, त्या पिक्चरची एकच प्रिंट सापडली आहे, आणि तिच्यात पाणवठ्याचा सीन नाही. एक जुने गृहस्थ म्हणाले, कुरखेड्याच्या तंबूत कापला होता. तुम्हाला काही माहीत आहे?"

मी म्हटलं, माहीत आहे. मग पुढे काही न ऐकता फोन ठेवला.

माहीत म्हणजे काय. यांनीच कापला. माझ्या नवऱ्याने. आणि तो तुकडा पंचेचाळीस वर्षं या घरात आहे.

५ नोव्हेंबर

रेवतीला सांगायची वेळ आली तर क्रम चुकायला नको. म्हणून आठवतं तसं लिहिते.

हे फिरत्या टॉकीजचं मशीन चालवायचे. पावसाळा संपला की तंबू कुरखेड्याला यायचा, बाजाराच्या मैदानात. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, मधे दोरी. मला दिवस भरत आले होते, तरी पहिल्या दिवशी गेले. मशीनवाल्याची बायको म्हणून पुढची जागा मिळायची.

पाणवठ्याचा सीन सुरूच होतो शिवीने. मालगुजार, म्हणजे गावाचा जमीनदार, विहिरीवरच्या मुलीला शिवी देतो. आमच्या जातीवरची. मी मान खाली घातली. शेजारी बाजारगल्लीतल्या बायका होत्या, त्या माझ्याकडे पाहतात की काय असं वाटलं. तेवढ्यात पडद्यावरची ती मुलगी वळली. घागर खाली ठेवली आणि बोलली. रडली नाही, ओरडली नाही. सरळ त्याच्याकडे पाहून जबाब दिला.

मी मान वर केली. तंबूत मशीनची कटकट तेवढी ऐकू येत होती. त्याआधी कोणत्याच बाईला असं बोलताना पाहिलं नव्हतं. पडद्यावर नाही आणि गावात तर नाहीच.

तिचा जबाब मला आजही तोंडपाठ आहे.

६ नोव्हेंबर

काल हात दुखला म्हणून थांबले. पुढचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारातली मोठी माणसं तहसीलदाराकडे गेली. त्या मुलीचं बोलणं धर्माला, रीतीला धरून नाही, ते काढा. दुपारी आमच्या मोहल्ल्यातली माणसं गेली. सगळ्यांच्या पुढे माझे सासरे. आमच्या जातीचं नाव भर तंबूत शिवी म्हणून घेतात, ते काढा.

तहसीलदार खूश. दोघांचीही तक्रार एकाच सीनबद्दल! संध्याकाळी दोन्हीकडच्यांना एकत्र बोलावलं, चहा पाजला. हे तिथे कोपऱ्यात उभे होते. घरी येऊन म्हणाले, "वं बाई, आज पह्यल्यांदा बाजारातले अन् आपले एका टेबलावर चाय पेले. काऊन, तर कैची चालवाले."

कागद काही दिला नाही. तोंडी हुकूम. शिवी आणि जबाब, दोन्ही काढा, नाहीतर तंबू हलवा.

मुंबईच्या सेन्सॉर बोर्डाने तो सीन पास केला होता. हे मला पडद्यावरचं सर्टिफिकेट दाखवायचे. कोपऱ्यात त्रिकोण असेल तर बोर्डाने काही कापलं आहे असं समजायचं. मला तेव्हा वाचता येत नव्हतं, पण त्रिकोण ओळखू यायचा. या पिक्चरला त्रिकोण नव्हता. मुंबईने राखलेलं कुरखेड्यात कापलं.

७ नोव्हेंबर

धान कापायला बाया आल्या होत्या. नऊजणी. दिवसभर त्यांच्या जेवणाखाण्यात. लिहिणं नाही.

८ नोव्हेंबर

ही चूक लिहायची राहिली. तीच खरी.

फिल्मच्या पट्टीवर चित्राच्या बाजूला आवाजाची बारीक रेघ असते. पण चित्राचा आवाज त्या चित्राच्या शेजारी नसतो, वीस घरं, म्हणजे वीस चित्रं, आधी छापलेला असतो. कारण मशीनमधे चित्र वर दिसतं आणि आवाज खाली, पुढे गेलेल्या पट्टीवरून निघतो. हे मला यांनी तांदूळ निवडताना सुपात दाणे मांडून समजावलं होतं. म्हणून कापताना चित्र पाहून कापायचं नाही, वीस घरं मागून कापायचं. मशीनवाल्याला हे झोपेतही ठाऊक असतं.

त्या दिवशी खेळाची वेळ झाली होती, तहसीलचा माणूस मागे उभा होता. यांनी चित्र पाहून ब्लेड चालवलं. सीन गेला, जबाब गेला, पण सीनच्या सुरुवातीचा पाऊण सेकंद आवाज मागच्या पट्टीवर राहिला. म्हणजे शिवीचं पहिलं अर्धं.

पडद्यावर बैलबंडी चाललेली आणि आवाज अर्ध्या शिवीचा. मग तंबूतली पोरं उरलेली अर्धी शिवी ओरडून पुरी करायची. शिट्ट्या, हसणं. दोन दिवस, चारही खेळांना.

हे त्यावर एवढंच म्हणायचे, "म्या शिवी ठेवली अन् जबाब कापला." वर्षातून एखाद्या वेळी. जेवताना अचानक.

खेळ संपले की तुकडा परत जोडून रिळांची पेटी वितरकाकडे पाठवायची पद्धत. तिसऱ्या दिवशी माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. बैलबंडीने, मग एसटीने ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात. हे माझ्यासोबत आले. मागे वितरकाचा माणूस येऊन पेटी घेऊन गेला. जॉइंट मारायचा राहूनच गेला. तिकडे सुजाता झाली.

हे मशीनपाशी थांबले असते तर तो सीन आज प्रिंटमधे असता. ते माझ्यापाशी थांबले. याबद्दल मी त्यांचे आभार कधी मानले नाहीत. आपल्यात नवऱ्याचे आभार कोण मानतं.

१० नोव्हेंबर

रेवतीला मी होऊन फोन केला. तुकडा आहे म्हटलं. पलीकडून रडल्यासारखी, "काकू, खरंच?" येत्या आठवड्यात येते म्हणाली.

१२ नोव्हेंबर

दिवाकरभाऊ आले होते. माझे धाकटे दीर. शाळेतून रिटायर झाले, आता विहाराच्या समितीचे अध्यक्ष. सुजाताने ऊर्जानगरहून फोनवर त्यांना सांगून टाकलं. पोटात काही राहत नाही पोरीच्या.

जयभीम झालं, चहा झाला. मग, "वहिनी, ते देऊ नका."

का?

"ते पोरगी लिहीन न पुस्तकात. कापणाऱ्यात दादाचं नाव, कापा म्हणणाऱ्यात बाबांचं. बाजारातल्या लोकायचं कोणी ध्यानात नाई ठेवणार. आपलंच येईन."

मी म्हटलं, आपण मागितलं होतंच की.

"कशासाठी मागतलं? अपमान होऊन राह्यला होता म्हणून!"

खोटं नाही ते. सासरे अपमान सहन करणारे नव्हते. याच माणसाने सून वाचायला शिकते म्हणून कंदिलाची काच स्वतः पुसून दिली होती. त्यांचं नाव खराब व्हावं असं मला वाटत नाही. यांचं तर नाहीच.

भाऊ जाताना म्हणाले, "इचार करा." करते आहे.

१३ नोव्हेंबर

वाचनालयातून सिनेमाच्या इतिहासाचं जाड पुस्तक आणलं. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, हे अजून कोणी नेलंच नाही. पानं चिकटलेली.

इंग्रजांनी कायदा केला तो आपल्या लोकांना भिऊन. पडद्यावर खादीची टोपी दिसली तरी त्यांना घाम फुटायचा. देवाच्या गोष्टीतही आपल्याविरुद्ध काही दडलंय का ते शोधायचे. इंग्रज गेले, कात्री इथेच राहिली. मग चुंबन कापलं, दारूचा ग्लास कापला, पोलिसाची लाच कापली. या धर्माचे लोक आले, त्या धर्माचे आले, या जातीचे, त्या पक्षाचे. बहुतेकांनी पिक्चर पाहिलेलाच नसायचा, असं लिहिलंय. त्या ओळीवर अडकले.

कंदिलाखाली अक्षरं जुळवत होते तेव्हा माझा धडा एकच होता, पिक्चरच्या पाट्या. हे ब्रशने रंगवायचे, मी बोटाने गिरवायचे. आज एवढं जाड पुस्तक वाचते. पन्नास पानं झाली. डोळे साथ देतात अजून.

१६ नोव्हेंबर

रेवती आली. वाटलं होतं त्याहून लहान. वडसा स्टेशनवरून जीपमधे दाटीवाटीने, केसात धूळ. येताच पाया पडायला वाकली, मी धरलं.

डबा समोर ठेवला. हातमोजे घातले तिने, वास घेतला, चेहरा उतरला. म्हणाली, हा वास म्हणजे फिल्म सडते आहे, थोडेच दिवस उरलेत. खिडकीशी जाऊन पहिले दोन हात उलगडले. एकेका घरात ती मुलगी, पोस्टाच्या तिकिटाएवढी. घागर, विहीर.

"काकू, आहे! ती आहे!"

 

दुपारी वरण-भात, वांग्याची भाजी, तिला आमचं तिखट झेपेना. मग सगळं सांगितलं. शिवी, जबाब, तहसीलदार, चहा, वीस घरं. ती लिहीत गेली. सासऱ्यांपाशी आले तशी थांबले. ती म्हणाली, "नाव नका सांगू वाटल्यास." मी म्हटलं, उद्या सांगते.

रात्री आमच्याकडेच राहिली.

१७ नोव्हेंबर

सकाळी दिवाकरभाऊ आले. मीच बोलावलं. जे बोलायचं ते तिच्यासमोर बोला म्हटलं.

त्यांनी तिला बरंच ऐकवलं. तुम्ही नागपूरवाले, पुस्तकं लिहून मोठे होता, मागे आमचं गाव बदनाम. तिने साधं विचारलं, "सर, तुम्ही गेला होतात तहसीलमधे?"

"हाव. बाबांसोबत. वीस वर्षांचा होतो."

"तुम्हाला सीन कसा वाटला होता?"

भाऊंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"आमी पाह्यलाच नाई जी. ना म्या, ना बाबांनी. शिवी आहे, एवढंच कोणीतरी येऊन सांगतलं. ते पोरगी उलटून बोलते हे आमाले ठाऊकच नोहोतं."

मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, "वहिनी, खरंच बोलते का ते?"

बोलते, मी म्हटलं.

"मंग द्या," म्हणाले. "बाबांले समजलं असतं तं त्यायनंच तंबूले पहारा देल्ला असता."

सासऱ्यांचं नाव त्यांनीच आपल्या तोंडाने सांगितलं. पूर्ण नाव, आणि पुढे हे वाक्यही लिहून घ्या म्हणाले. रेवतीने घेतलं. दोनदा वाचून दाखवायला लावलं, मास्तरच शेवटी.

यांच्या नावापुढे मी काय लिहायला सांगितलं: मशीन ऑपरेटर. हुकमाने कापलं. तुकडा फेकला नाही.

बारा वाजता ती डबा घेऊन गेली. लुंगी मी ठेवून घेतली.

१८ नोव्हेंबर

कोठीमागे जागा रिकामी. झाडताना दोनदा पाहिलं.

२३ नोव्हेंबर

मळणी. अंगभर कुसं. नामदेवभाऊ बांधावर आले. यांच्याच वयाचे, बाजारगल्लीतले, आमच्या शेजारीच त्यांचं शेत. पायलीभर नवे तांदूळ घेऊन आले, आमच्याकडे स्वतःचे असताना! मला कळेना.

बसले. तंबाखू मळली. इकडचं तिकडचं बोलले. उठता उठता म्हणाले, "दिवाकर सांगत होता त्या पिक्चरचं. बाई, त्या पोरायमंदी मी बी होतो. अर्धी शिवी आमीच पुरी करत होतो. बाजूले मशीनपाशी तुहा मालक उभा. मायाकडे पाह्यलं त्यानं एकदा. बस, पाह्यलं."

मी म्हटलं, भाऊ, तुम्ही जबाब ऐकला होता का, पहिल्या दिवशी?

"ऐकला न. म्हणूनच तं ओरडत होतो. झोंबला होता."

तांदूळ ठेवून गेले. आज त्याच तांदळाचा भात केला. चांगला शिजला, मोकळा. पंचेचाळीस वर्षांनी का होईना, माणूस बांध ओलांडून आला.

३० नोव्हेंबर

रेवतीचा निरोप: तुकडा मुंबईच्या लॅबमधे पोचला. साफ करताहेत. घरं एकमेकांना चिकटलीत, एकेक सोडवावं लागतं. वेळ लागेल.

६ डिसेंबर

विहारात वंदना. मग मोहल्ल्यातल्या बायांनी आग्रह केला म्हणून त्या पिक्चरची गोष्ट सांगितली. मी माइकवर पहिल्यांदाच. तरण्या मुली विचारतात, "आजी, मंग का म्हणते ते पोरगी?" सांगितलं नाही. म्हटलं, तिच्याच तोंडून ऐका. येतोच आहे आवाज.

फुशारकी केली थोडी. गोड वाटलं.

१४ डिसेंबर

सु. आणि जावई आले होते, दोन दिवस राहून गेले. सु. म्हणाली, "म्हणजे माझ्या जन्मापायी तो सीन गेला." हसत म्हणाली, पण तिला लागलं असावं. मी तिच्या डोक्याला तेल लावलं. तुझ्यापायी नाही गं. तुझ्यासाठी.

सु.ने विचारलं, बाबा दवाखान्यात काय करत होते? बाहेर ओट्यावर बसून होते, म्हटलं. खिशात ब्लेड तसंच राहिलेलं. नर्सने विचारलं, हे काय, तर म्हणाले, न्हावी नाही हो मी.

१९ डिसेंबर

लॅबचा फोन, रेवतीमार्फत. चित्र वाचलं आहे! जवळजवळ सगळं. चेहरे स्वच्छ.

पण आवाज गेला. उभ्या डब्यात गुंडाळी बुडाला टेकलेली, पट्टीची खालची कड गंजात आणि ओलीत बसून होती. आवाजाची रेघ नेमकी त्याच कडेला. धुतली गेली म्हणे, काचेसारखी कोरी.

रेवती रडत होती. मीच तिला समजावत होते. फोन ठेवल्यावर मग…

२० डिसेंबर

आता त्या पिक्चरमधे त्या सीनचा आवाज म्हणून काय उरलं, तर अर्धी शिवी. मूळ प्रिंटवर ती ठणठणीत आहे, रेवती म्हणते.

डबा आडवा ठेवला असता तर. दर दिवाळीला कोठी सारवताना मीच तो उचलून परत उभा ठेवायचे. जागा कमी लागते म्हणून.

हे असते तर म्हणाले असते, अवं जाऊ दे. नक्की म्हणाले असते. हेच म्हणाले असते.

२२ डिसेंबर

रेवतीने विचारलं: ज्यांनी तो जबाब ऐकला, त्यांनी सांगितला तर ती तो पडद्यावर खाली अक्षरांत लिहिणार. तुकडा जोडून पिक्चर नागपूरला दाखवणार, मग कुरखेड्यालाही.

म्हटलं, मला तोंडपाठ आहे. लिहून पाठवते.

लिहिलं: "माझं नाव गंगा आहे. हाक मारायची तर नावानं मारा."

लिहून झाल्यावर मन भरून आलं. एवढी वर्षं मी हेच मनात घेऊन जगले. रेशनच्या रांगेत, दवाखान्यात, सु.च्या शाळेत कोणी वाकडं बोललं की हेच.

२३ डिसेंबर

पाठवायच्या आधी नामदेवभाऊंना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "असं नोहोतं बाई. 'ह्या विहिरीचे दगड माया बापानं वाह्यले,' असं काईतरी होतं. बापाचं होतं त्यात. म्हणून तं आमाले झोंबलं."

मी म्हटलं, नाही हो. ते म्हणाले, "हाव वं, शपथ."

दोघंही ऐकणारे. दोघंही खरे.

२६ डिसेंबर

रेवतीने मुका सीन मोबाइलवर पाठवला. दिवाकरभाऊ, नामदेवभाऊ, मी, तिघं अंगणात. ऊन डोळ्यावर येतं म्हणून पदराचा आडोसा करून पाहिला.

ती आली. पंचेचाळीस वर्षांनी. माझ्या आठवणीत मोठी बाई होती, इथे तर पोर आहे, सतरा-अठराची. कानात साधी बाळी. मालगुजाराचं तोंड उघडतं, मिटतं. ती वळते, घागर ठेवते, आणि बोलायला लागते.

माझं वाक्य मी मनात तिच्या ओठांसोबत म्हटलं. माझं संपलं. ती बोलतच होती. माझ्या वाक्यासारखी चार वाक्यं होतील एवढं बोलते ती. मधे एकदा थांबते, हसल्यासारखं करते, पुन्हा बोलते.

हसली होती हे मला आठवतच नव्हतं.

नामदेवभाऊ म्हणाले, "मायंही तेवढंच नाई." दिवाकरभाऊ आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. पुन्हा लावा म्हणाले. पुन्हा. पाचव्या वेळी उठून अंगणाच्या टोकाला जाऊन उभे राहिले, पाठ करून.

२७ डिसेंबर

सु. फोनवर: "आई, तू तुझं वाक्य दे. कोणाला कळणार आहे? छान आहे ते."

छान आहे. माझ्या कामाचं आहे. मला जेवढं हवं होतं तेवढं मी कापून घेतलं असणार, नामदेवभाऊंना झोंबलं तेवढं त्यांनी. तहसीलदाराला ब्लेड लागलं, आम्हाला तेही लागलं नाही.

रेवतीला कळवलं: खालची जागा कोरी ठेव. मी अजून लोकांना विचारून राहिले आहे.

तिने लिहिलं, थांबते काकू, कितीही.

२९ डिसेंबर

पहिल्या दिवशी तंबूत असलेली माणसं आठवली. बरीच गेली. आहेत त्यांची यादी दिवाकरभाऊंनी सुंदर अक्षरात केली, सात नावं. तिघांचं ठिकाण माहीत नाही. एक राजुऱ्याला, खाणीत होता, आता मुलापाशी. पहिली सायत्राबाई, कढोलीला. ती माझ्या शेजारी बसली होती. बाजारगल्लीतली. जिच्याकडे मी पाहायला भीत होते ती.

२ जानेवारी

भाऊंच्या स्कूटरवर मागे बसून कढोली. वाटेत दोनदा उतरले, कंबर.

सायत्राबाई ओसरीवर उन्हात. ऐंशीच्या पुढची, कान बरे, डोळे अधू. ओळख सांगितली.

"मशीनवाल्याची बायको! पोट घेऊन आली होतीस न वं तू? मले भेव, इथीच मोकळी होते की का बाई!"

म्हणजे ती माझ्याकडे पाहत होती ते यासाठी. मी सगळं आयुष्य वेगळंच समजून.

मोबाइल तिच्या डोळ्याजवळ धरला. पहिल्यांदा नुसतं पाहिलं. दुसऱ्यांदा म्हणाली, थांबव, पुन्हा सुरूपासून. तिसऱ्यांदा तिचे ओठ हलायला लागले. मुलीच्या ओठांबरोबर. आवाज नाही, नुसते ओठ. मुलगी थांबली तिथे तीही थांबली. मुलगी हसल्यासारखी झाली, तशी म्हातारीच्या तोंडावरही सुरकुत्या हलल्या. पुढचं सुरू झालं आणि तिचे ओठ अडखळले.

"आहे वं. इथी आहे," छातीवर हात ठेवून म्हणाली. "अर्धं आलं. मधातलं निसटून राह्यलं. आज नको लिवून घेऊ. लिवलं तं तेच पक्कं होऊन जाईन, खरं येनार नाई मंग."

भाऊंनी काढलेला पेन खिशात ठेवला.

"उद्या ये. नाईतं परवा ये. मी मनात घोळवत ठेवतो."

निघताना तिने माझा हात धरला, सोडेना. सीन तिच्या नातसुनेच्या मोबाइलवर पाठवून आलो. वळणावरून मागे पाहिलं तर नातसून शेजारी बसलेली, दोघींची डोकी त्या उजेडावर वाकलेली.